व्हर्ला उनरूहचे तीन रकाने

व्हर्ला उनरूह डेलबर्ट श्रागला किती ठाऊक होती, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की फार थोडी. तीस वर्षं चर्चच्या एकाच मंडळीत, दोन बाक मागे बसून त्याने दर रविवारी तिचा पांढरा होत गेलेला अंबाडा पाहिला होता. तिने लग्न का केलं नाही, सख्ख्या भावाशी ती का बोलत नसे, हे त्याला कधीच कळलं नाही, आणि विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. पण एका प्रसंगात ती त्याला अगदी जवळून दिसली. तेवढ्या भांडवलावर तिच्याविषयी बोलावं की नाही, याची शंका त्याला आजही आहे.

कॅन्ससमधल्या नॉयफेल्ड गावच्या शाळेत व्हर्लाने सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तिने कधी डबा फोडला नाही. मोठ्या अक्षरात विकणारा बोलतो आणि बारीक अक्षरात वकील, असं ती म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी आजारपणाच्या विम्याचे हप्ते असे काही वाढले, की मंडळीतल्या तेवीस घरांना ते झेपेनात. कुणी शेतकरी, कुणी सुतार, डेलबर्टचं वेल्डिंगचं दुकान. नोकरीतून विमा मिळणारं त्यात कुणी नव्हतं. तेव्हा दवाखान्याचा खर्च आपसात वाटून घेणाऱ्या ख्रिस्ती योजनांचा विषय निघाला. महिन्याला प्रत्येक घराने ठरावीक वाटा द्यायचा, आणि ज्याच्यावर आजारपण येईल त्याचं बिल त्या वाट्यांतून भागवायचं. अशा तीन योजनांच्या पुस्तिका गावात आल्या, निळी, हिरवी आणि तपकिरी. निळी सर्वांत स्वस्त होती, त्यामुळे हात वर करून मोकळं व्हायची सगळ्यांना घाई झाली होती.

"थांबा," व्हर्ला म्हणाली. "टरबूजसुद्धा तुम्ही टिचक्या मारून घेता."

"तुला काय गं पडलंय?" मार्विन गेरिंग म्हणाला. "तुझं वय झालं, तुला सरकारी विमा मिळालाय."

"म्हणूनच मला घाई नाही. तुमच्यासारखी भूक लागलेल्या माणसाने बाजारहाट करू नये."

तिने शाळेच्या स्वयंपाकघरातून तपकिरी कागदाची गुंडाळी आणली आणि चर्चच्या तळघरात तीन टेबलं जोडून अंथरली. तीन रकाने आखले. आणि डाव्या बाजूला काय लिहिलं? हप्ते नाहीत, सवलती नाहीत. माणसं लिहिली. 'पहिलं बाळंतपण.' 'ट्रॅक्टरखाली मोडलेला पाय.' 'कर्करोग, दुसऱ्यांदा.' 'गुडघ्याचं जुनं दुखणं.' मग तिन्ही कार्यालयांना फोन लावून एकेक माणूस त्यांच्यापुढे उभा केला. तोही एकदा नाही. तोच प्रश्न तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या माणसांना.

"काय देता ते सांगू नकोस, बाळा," ती फोनवर म्हणायची, "केव्हा देत नाही ते सांग."

निळीची तीन उत्तरं तीन प्रकारची आली. शिवाय एका आजारपणाला खर्चाची मर्यादा. कर्करोग दुसऱ्यांदा झालेला माणूस अर्ध्या रस्त्यात उघडा पडणार. हिरवीची उत्तरं एकच होती, पण नकार मिळाला तर दाद त्याच कार्यालयाकडे मागायची. तपकिरीचा वाटा महाग. मात्र तिथे प्रत्येक घर आपला वाटा थेट आजारी माणसाच्या पत्त्यावर टपालाने पाठवायचं, सोबत दोन ओळींचं पत्र. आणि नकाराविरुद्ध दाद मागितली तर कार्यालयातली माणसं निवाडा करत नसत. सभासदांतून चिठ्ठ्या टाकून सात साधी माणसं निवडली जात, आणि ती ऐकत.

"एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका," व्हर्लाने सांगितलं. "हा विमा नव्हे. इथे कुणी कुणाला बांधील नाही. उद्या 'नाही' म्हणाले तर कोर्टात जाता येणार नाही. ज्याला ही जोखीम नको त्याने कर्ज काढून विमाच घ्यावा, त्यात लाज नाही."

दोन घरांनी विमाच ठेवला. एकवीस घरं तपकिरीत गेली, त्यात डेलबर्ट आणि त्याची बायको आयोन होती.

आता डेलबर्टच्या साक्षीबद्दल सांगायला हवं. हा माणूस चारचौघांत कधी बोलला नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत लोक उठून देवाने काय केलं ते सांगत, हा बुटांकडे पाहत बसे. फक्त एकदा, योजनेच्या बऱ्याच आधी, उठला होता. चर्चच्या शरदातल्या मेळ्यातलं जेवण झाल्यावर त्याच्या छातीत आग पडली होती, मंडळीने प्रार्थना केली आणि सकाळी तो ठणठणीत होता. गावच्या डॉक्टरने पित्त म्हटलं. डेलबर्टने मनात हृदय धरलं. देवाने माझं हृदय बरं केलं, अशी साक्ष त्याने दिली. आयुष्यातली ती एकुलती एक.

योजनेच्या अर्जावर 'पूर्वीचे आजार' या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं. देवाने बरं केलेलं दुखणं मोजायचं कसं? मग साठाव्या वर्षी त्याच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. भरती होताना नर्सने विचारलं, आधी कधी त्रास होता का? हा माणूस खाटेवर पडल्यापडल्या म्हणाला, "हो, बरीच वर्षं झाली. प्रभूने बरं केलं." देवाचं श्रेय दडवणं ही चोरी, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. नर्सने कागदावर लिहिलं: जुना हृदयविकार, उपचार नाही.

महिन्याभराने योजनेच्या कार्यालयाचं पत्र आलं. पूर्वीचा आजार अर्जात लपवल्यामुळे हा खर्च वाटता येणार नाही. दवाखान्याचा आकडा होता बासष्ट हजार डॉलर. दुकान विकलं तरच फिटणार. वडिलांनी उभारलेलं, हातातली एकमेव कला जिथे चालते ते दुकान. आणि त्याहून वर, लबाड म्हणून शिक्का.

व्हर्ला पत्र घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसली. आयोनने कॉफी आणि लोणी लावलेले स्वीबॅक पाव ठेवले.

"डेलबर्ट, त्या मेळ्यात तू काय खाल्लं होतंस?"

"आठवत नाही, सिस्टर," डेलबर्ट म्हणाला. मंडळीत बायकांना अशीच हाक मारत.

"मला आठवतं," आयोन म्हणाली. "पनीर भरलेले व्हेरेनिके, उकडलेल्या करंज्यांसारखे. अकरा. वर हॅमची ग्रेव्ही."

"अकरा!" व्हर्लाने चष्मा काढला. "अरे, अकरा खाऊन जिवंत राहिलास हाच चमत्कार. हृदयाला कशाला बदनाम करतोस?"

डेलबर्ट हसला नाही. "सिस्टर, मी मंडळीसमोर साक्ष दिलीय. आता पैशासाठी ती खोटी होती म्हणू? त्यापेक्षा दुकान जाऊ दे."

व्हर्लाने चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाली, "साक्ष परत घे असं मी म्हणत नाही. दुरुस्त कर. पित्त बरं करणं देवाला कमीपणाचं वाटतं असं तुला कुणी सांगितलं?"

गावच्या डॉक्टरच्या जुन्या कपाटातून तिने त्या वेळच्या तपासणीचा कागद मिळवला: छाती आणि नाडी तपासली, हृदय उत्तम, पित्ताची गोळी दिली. तिने दाद मागितली. सात जणांची चिठ्ठी निघाली आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी तळघरात फोन मधोमध ठेवून सगळे बसले. पलीकडे आयोवाचा अंडीवाला, पेनसिल्व्हेनियाची एक सुईण, आणखी पाच जण. व्हर्लाने कागद वाचून दाखवला. पण अंडीवाला म्हणाला, "बाई, कागद ठीक आहे. त्या भावालाच बोलू द्या. त्याने नर्सला तसं का सांगितलं?"

डेलबर्टने व्हर्लाकडे पाहिलं. व्हर्लाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्यासाठी बोललीही नाही. फक्त फोन त्याच्यापुढे सरकवला.

"मी मोठा चमत्कार मागितला होता," तो म्हणाला. "आयुष्यात एकदाच उभा राहिलो, तेव्हा पित्त म्हणायची लाज वाटली. डॉक्टरने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी लपवलं नाही, पण फुगवलं. ते अकरा व्हेरेनिके होते."

 मग सुईणीला हसू आवरेना. अंडीवाला म्हणाला, "भाऊ, माझी पाठ अशीच दोनदा बरी झालीय. दोन्ही वेळा खाट बदलली होती." सगळा फोन हसायला लागला, आणि तळघरही. दहा मिनिटांत निकाल आला. सातही जण त्याच्या बाजूने.

मग पाकिटं यायला लागली. आठवडाभर पोस्टातली बाई टोपली भरून द्यायची. दोनशे सहा घरं. कधी न पाहिलेली, कधी न भेटणारी. ओरेगॉनच्या एका मुलीने हृदय काढलं होतं, बटाट्यासारखं, खाली लिहिलेलं: 'लवकर बरे व्हा, जास्त खाऊ नका.' व्हेरेनिक्यांची गोष्ट तिकडे व्हर्लानेच पोचवली असणार, हे सांगायला नको. डेलबर्टने प्रत्येकाला स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं. पत्र लिहायची सवय नसलेल्या माणसाला चार महिने लागले.

पाकिटं यायची थांबली, त्याच्या पुढच्या बुधवारी तो दुसऱ्यांदा उभा राहिला. "देवाने माझं पित्त बरं केलं," तो म्हणाला, "हृदय डॉक्टरांनी शिवलं, आणि दुकान दोनशे सहा घरांनी वाचवलं. माझी पहिली साक्ष एवढी दुरुस्त करून घ्या." त्या मंडळीत टाळ्या वाजवायची रीत नाही. मार्विन गेरिंगने वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, पाळकसाहेबांनीसुद्धा. व्हर्ला मात्र पाठमोरी, बाकावरच्या गीतांच्या पुस्तकांची टोकं सारखी करत बसली होती. तिचे खांदे हलत होते. हसण्याने की कशाने, हे दोन बाक मागून कळलं नाही.

त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. दुसऱ्या दोन गावांच्या मंडळ्या तिला बोलवायला आल्या, तेव्हा कागदाची गुंडाळी काखेत मारून ती निघाली. तिथेही तिने तीनच रकाने आखले, आणि डावीकडे माणसं लिहिली.

गेल्या मार्चमध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, ती झोपेतच गेली. आदल्या दुपारी ती बागेची ढकलगाडी घेऊन दुकानात आली होती. दांडा सांध्यातून सुटला होता.

"केव्हा होईल?"

"बुधवारी न्या, सिस्टर."

"बुधवारपर्यंत माझे बटाटे थांबायचे नाहीत."

"मग उद्या सकाळी या."

"उद्या दुकान उघडं आहे?"

"उघडं आहे," डेलबर्ट म्हणाला.