पाणी न घातलेलं दूध

आजही दुधाच्या कॅनचा खडखडाट ऐकला की ते प्रकरण आठवतं आणि तोंड कडू होतं. तेव्हा मी भोर भागात पोलीस अधिकारी होतो.

एका डेअरीमालकाने तक्रार अर्ज दिला. हिर्डोशीकडच्या दुधाचं फॅट एकाएकी घसरलं होतं आणि पुण्याचा ग्राहक माल परत पाठवत होता. संशय गावोगावचं दूध डेअरीत आणणाऱ्या टेम्पोचालकावर. त्यातच ठाण्यात निनावी फोन आला, की चालक रोज ओढ्यावर थांबून पाणी भरतो. मालक खूश, आमचे हवालदारही खूश.

मी चालकाला जबाबासाठी बोलावलं. त्याच दिवशी मालकाने टेम्पो आपल्या भाच्याकडे दिला. चालकाचं घर त्या कामावर चालत होतं.

"म्या दुधात थेंब न्हाई घातला, सायेब. चढाला गाडी लई तापती, पाणी इंजिनाला लागतं," एवढंच तो सांगत राहिला.

"सगळे असंच म्हणतात," हवालदार म्हणाले.

मी मालकाला दुधाची डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा, विचारली. पाणी घातलं की फॅट आणि डिग्री दोन्ही उतरतात. इथे डिग्री नीट होती, म्हणजे पाणी नव्हतंच. हे त्याला रोज दिसत होतं; पण चोर आधीच ठरलेला, मग बघतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात गेलो. एका गोठ्यात आजीबाई म्हशीची धार काढत होत्या. निम्मं दूध काढून त्यांनी रेडकू सोडलं.

"आजी, बाकीचं दूध?"

"रेडकाला. पयलं आमी त्याला आदी पाजायचो, मग समदं काढायचो. आता टेम्पो लई लवकर येतो, मग आदी डेअरीचं काढायचं."

पहिल्या धारा पातळ, शेवटच्या दाट. हे इथं घरोघरी ठाऊक असतं. मालकाच्याही दारात म्हशी होत्या. आम्ही दारोदार नमुने घेतले. टेम्पो यायच्या आधीच फॅट कमी! आणि टेम्पोची वेळ अलीकडे आणली होती खुद्द मालकाने.

वेळ बदलली, दूध सुधारलं, अर्ज मागे घेतला गेला.

"त्याला कामावर घ्या. निदान चारचौघांत सांगा, की त्याची चूक नव्हती," मी मालकाला म्हणालो.

"जाऊ द्या हो साहेब, मिटलं ना आता!"

मला भयंकर संताप आला. पण अशा माणसाला लावायला कलम नसतं.

धंदा असो की तपास, 'कोणी केलं' असं आधी विचारलं की कोणीतरी सापडतोच. नेमकं झालंय काय, हे आधी विचारावं. मी ते विचारलं, पण त्या चालकाला त्याचा काय उपयोग झाला?

पुढे तो भोरच्या स्टँडजवळ विटा उतरवताना दिसला. मी त्याला चहाला नेलं. टपरीवाल्याने त्याला ओळखलं.

"काय रं, आज किती पाणी घातलंस?"

सगळे हसले. तोही हसला.