गांभीर्याचा रकाना

आमच्या खोलीच्या दारावर ‘भाषा विभाग’ अशी पाटी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, आत कोणीतरी शब्दकोश करत बसलं असेल. आत आम्ही चौघं होतो: साहेब, दोन ऐकणारे आणि मी टायपिस्ट. नदीपलीकडच्या देशाचा रेडिओ ऐकायचा, शब्द न् शब्द उतरवायचा, आपल्या भाषेत आणायचा आणि वर पाठवायचा, हे आमचं काम. त्या देशात इकडच्या माणसाला पाय ठेवता येत नव्हता. पत्र नाही, फोन नाही. तिथे कोण जिवंत आहे, कोण तुरुंगात आहे, लोक काय खातात, कशाचाही ताकास तूर लागू देत नसत. स्वतःकडे अणुबॉम्ब आहेत, एवढं मात्र रोज न चुकता सांगत.

दोन ऐकणाऱ्यांपैकी एक वर्षातले सहा महिने रजेवर असायचे, त्यांचं सोडा. दुसरे म्हणजे मास्तर. आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. त्यांची आई सीमा बंद व्हायच्या आधी पलीकडून लग्न होऊन आलेली, त्यामुळे ती भाषा त्यांना पाळण्यातच मिळाली होती. कान असा तिखट, की जिन्यावर कोण चढतंय हे चपलांवरून सांगत. “साहेब आले, आणि आज घरी वाजलंय,” असं म्हणत, आणि खरंच साहेब कपाळावर आठ्या घेऊन आत शिरत.

आमच्या अहवालाच्या तळाशी एक रकाना होता, ‘गांभीर्य’. आजचं बोलणं किती खरं मानायचं, ते तिथे एक ते पाच आकड्यांत लिहायचं. आम्ही दोन लिहायचो. एक लिहिलं तर वरून विचारणा, की मग तुमच्या विभागाची गरज काय. तीन लिहिलं तर बैठक. चार माझ्या आधी एकदाच लिहिलं गेलं होतं. सीमेकडच्या शाळा आठवडाभर बंद राहिल्या, लोक गाद्या डोक्यावर घेऊन पळाले, झालं काहीच नाही, आणि तेव्हाच्या साहेबांची बदली गोदामात झाली. पाच कोणी पाहिलाच नव्हता. तेव्हा ‘तुमचं एक शहर नकाशावर ठेवणार नाही’, दोन. ‘तुमच्या नातवंडांना रडायलाही कोणी उरणार नाही’, दोन. नवीन होते तेव्हा हे टाइप करताना मी दर ओळीला थांबायचे. वर्षभरात मी तेच वाक्य बडवता बडवता संध्याकाळी भाजी कुठली घ्यायची ते ठरवायला लागले. याची मला आज लाज वाटते.

पलीकडून बोलणारी बाई एकच. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, तर आम्हीच तिला आत्याबाई म्हणायला लागलो, कारण ती सगळ्या जगाला सकाळ-दुपार झापायची. तिकडे थोरले हुकूमशहा गेले, त्यांच्या गादीवर धाकटे बसले, आत्याबाई होत्या तिथेच. मास्तर तिला एकोणतीस वर्षं ऐकत होते. तिला सर्दी झालेली त्यांना कळे. तीन वर्षांपूर्वी एक दिवस त्यांनी कानांवरचा हेडफोन काढला आणि म्हणाले, “बाईंनी कवळी बसवली.” तेव्हापासून तिच्या प्रत्येक ‘स’ मागून बारीक शिट्टी यायची. मी मुद्दाम कान लावला तेव्हा मलाही ऐकू आली. मग आम्हाला त्या शिट्टीचं हसूच यायचं. साऱ्या पृथ्वीची राख करायला निघालेली बाई, आणि कवळी सैल.

मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती नवऱ्याच्या नोकरीमुळे सीमेजवळच्या शहरात राहायची. नदी तिच्या गच्चीतून दिसायची. रोज दीड वाजता तिचा फोन खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर यायचा. आम्ही दोघं डबे खायला खाली जायचो, त्यामुळे ते बोलणं मला पाठ होतं. ती विचारायची, “बाबा, घाबरायचं का?” रकान्यातला आकडा बाहेर सांगायला बंदी होती; तशा कागदावर आमच्या सह्या होत्या. म्हणून मास्तरांनी एक उत्तर ठरवून टाकलं होतं. “मी घाबरलो की सांगेन.” तेवढ्यावर ती निवांत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा दिवस जाऊन वाया गेले होते, आणि या खेपेला सहावा महिना पार पडला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पलंगावरून उतरायचं नाही, जिना तर मुळीच नाही, बाळ धागा धरून आहे. मास्तर डब्यातली पोळी मोडता मोडता दिवस मोजायचे.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळची बातमी संपली, तरी मास्तरांनी हेडफोन काढला नाही. दुपारची झाली, तरी तेच. मंगळवारी मला जवळ बोलावून एक हेडफोन माझ्या कानाला लावला.

“बाई, काय ऐकू येत नाही सांगा.”

मी ऐकलं. पेरण्या जोरात आहेत, जनता आनंदात आहे. धमकी नव्हती, साधी शिवीसुद्धा नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं.

“शिट्टी नाही,” मी म्हटलं.

“दोन दिवस नाही.”

कपाटात पाच वर्षांच्या टेपा होत्या. त्या आम्ही दोघांनी दिवसभर उपसल्या. बुधवारी सकाळी ती सापडली, चार वर्षांपूर्वीची. तीच पेरणी, तोच आनंद, एका वाक्यानंतर खुर्ची करकरते ती करकरही तीच. पलीकडचे जुनी टेप लावून बसले होते. आमच्या नियमपुस्तिकेत चौदावा नियम होता. सलग दोन दिवस जुनं ध्वनिमुद्रण ऐकू आलं, तर रेडिओ केंद्रातली माणसं सुरक्षित जागी हलवली गेली आहेत असं धरावं. सरळ भाषेत, स्वतःची माणसं भुयारात घातली की मगच बॉम्ब टाकतात. मास्तरांनी रकान्यात पाच लिहिलं. मी तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेबांनी कागद वाचला. टेप ऐकली. दुसरी टेप ऐकली.

“नवी कवळी केली असेल हो, मास्तर.”

“साहेब, पहिली बसवली तेव्हा त्या आठवडाभर अडखळत होत्या. आणि खुर्ची? ती पण नवी केली आणि तशीच करकरते?”

“हे बघा, आज त्यांनी एक वाकडा शब्द काढलेला नाही. इतक्या वर्षांत इतके गोड ते कधी बोलले नसतील. आणि मी वर जाऊन काय सांगू? शहरं रिकामी करा, एका म्हातारीचे दात वाजत नाहीत?” साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना गोदाम दिसत होतं. त्यांनी पाच खोडला, दोन लिहिला आणि कागद माझ्यासमोर टाकला. मी दोन टाइप केला. मीच केला.

दीड वाजता फोन वाजला. मी डबा उघडून बसले होते. पलीकडून तिने तेच विचारलं असणार, रोजचं. मास्तरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पहारेकरी वर्तमानपत्रातून डोकं काढून बघायला लागला.

“मी घाबरलोय,” मास्तर म्हणाले. “ये. आजच्या आज ये.”

तिने का म्हणून विचारलं नाही. नऊ वर्षांत एकदाही न बोललेलं वाक्य तिचा बाप बोलला होता. डॉक्टरांचं काय, एवढंच विचारलं असावं, कारण मास्तर म्हणाले, “मागच्या सीटवर आडवी पड. जावईबापूंना म्हणावं, गाडी हळू चालवा. पण ये.”

आता माझं सांगते. माझा भाऊ त्याच शहरात राहायचा, बायको आणि दोन मुलं. मास्तरांवर माझा विश्वास होता, पाच खरा आहे असं मला मनापासून वाटत होतं. तरी मी त्याला फोन केला नाही. काय सांगू, तो हसेल, वहिनी नाक मुरडेल, मुलांची परीक्षा आहे, असं काय काय मनाशी बोलत मी घरी गेले. जे खरं मानलं होतं ते मला झेपलं नाही, आणि मी भाजी चिरायला बसले. भावाची मुलं त्या दिवशी शाळेत गेली, दुसऱ्या दिवशीही गेली, आणि आज दोघं नोकरीला आहेत.

मास्तरांच्या मुलीला निघाल्यापासून चौथ्या तासाला कळा सुरू झाल्या. रस्त्यावर गाव होतं, गावात दवाखाना होता, दवाखान्यात एक नर्स होती. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगला. जावयांनी त्याला स्वतःच्या शर्टात गुंडाळून आणलं, कारण बाळाचे कपडे घरी कपाटात राहिले होते, घड्या घातलेले.

पलीकडे काहीही झालं नव्हतं. नवव्या दिवशी रेडिओवर एक नवा, तरुण आवाज आला आणि त्याने सांगितलं की आपल्या देशाचा लाडका आवाज काळाने हिरावून नेला. हिशेब आम्ही नंतर जुळवला. आत्याबाई त्या सोमवारच्या आधीच मेल्या होत्या. पण त्या आठवड्यात धाकट्यांचा वाढदिवस होता, आणि वाढदिवसाच्या आठवड्यात त्या देशात मरायला परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी कपाटातली टेप काढली आणि मेलेल्या बाईला पेरणीच्या बातम्या द्यायला लावल्या. त्यांनी आमच्यावर काही टाकलं नाही. नुसतं लपवलं. मला आजही त्यांच्या बॉम्बपेक्षा त्या लपवण्याचा जास्त संताप येतो. एक साधं मरण खरं सांगितलं असतं, तर आमच्या मास्तरांचा नातू आज शाळेत गेला असता.

महिन्याने वरून पत्र आलं. निवेदिकेच्या मृत्यूचा पहिला पुरावा अत्यंत बारकाईने टिपल्याबद्दल अभिनंदन. साहेबांनी ते मास्तरांच्या हातात दिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पत्रावर ‘गोपनीय’ असा शिक्का होता. घरीसुद्धा दाखवायचं नव्हतं.

मुलगी तीन महिने मास्तरांकडेच होती. मी रविवारी भेटायला जायचे. दोन खोल्या, एकीत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, दुसरीत मास्तर स्टोव्हशी. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुन्हा पुन्हा विचारावं लागे. मास्तरांना मात्र सगळं ऐकू यायचं, ती उशीत रडायची तेसुद्धा. एका रविवारी ती माझ्यासमोर उठून बसली.

“बाबा, त्या दिवशी तुम्हाला काय कळलं होतं?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्या सह्या त्या कागदावर होत्या. मी म्हटलं, “सांगा हो, मास्तर. खड्ड्यात गेल्या सह्या.” मग त्यांनी सांगितलं. शिट्टी, टेप, खुर्ची, चौदावा नियम, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“म्हणजे एक म्हातारी बाई मेली होती.”

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच, बाळ.”

ती पुन्हा आडवी झाली. मी चहाचे कप विसळले आणि निघाले.

पुढे ती नवऱ्याकडे परत गेली. दीडचा फोन बंद झाला. मास्तर तरी खाली यायचे, डबा उघडायचे, फोनशेजारी बसायचे आणि बरोबर दोनला वर जायचे. पहारेकरी बिचारा त्या अर्ध्या तासात दुसऱ्या कोणाचा फोन घ्यायचा नाही.

दोन वर्षं गेली. मग एका सकाळी त्या तरुण आवाजाने जे वाचलं तसं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यात शहरांची नावं होती, नुसती ‘तुमची शहरं’ नव्हे. चौथं नाव मुलीच्या शहराचं. तारीख होती, नदीकाठ सोडायला दिलेली मुदत होती. मास्तरांनी ते उतरवलं. अक्षर सरळ होतं. रकान्यापाशी आले आणि पेन थांबलं.

“किती?” मी विचारलं.

“माहीत नाही, बाई. याचा श्वास मला ओळखता येत नाही. खरं असेल. वाढदिवस असेल. एकतीस वर्षं ऐकतोय, मला काही म्हणता काही माहीत नाही.”

रकाना तसाच ठेवून ते उठले आणि खाली गेले. मी मागोमाग गेले. दीड वाजायला अजून अवकाश होता, पण त्यांनी आपणहून मुलीचा नंबर फिरवला. फोन तिने घेतला. मास्तर म्हणाले, “मी बोलतोय.” एवढंच, कारण नंतर ती बोलत होती. त्यांनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. इतकी वर्षं कानांत आवाज ओतून घेतलेल्या माणसाला तो सहन होत नसावा. त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“बाबा, मला पुन्हा दिवस गेलेत. चौथा महिना आहे. तुमच्या पाया पडते. तुम्ही घाबरला असलात तरी मला सांगू नका.”

मास्तर म्हणाले, “नाही सांगत.” रिसीव्हर हळूच ठेवला, जिना चढून वर आले, आणि रकान्यात दोन लिहिलं.