टीव्ही नसलेल्या घरावरचा अँटेना

माझे दुलाभाई, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एमदादुल मास्तर. हट्टाला पेटले की अख्ख्या नेत्रकोनात त्यांना जोड नाही. लेक नासिमा त्यांच्याशी भांडून गाण्यापायी ढाक्याला निघून गेली, त्याच दिवशी त्यांनी टीव्ही देऊन टाकला. "अल्लाची शपथ, हे खोकं परत या उंबऱ्याच्या आत येणार नाही!" खोकं आलं नाही. लेकही आली नाही.

मग कळलं, शुक्रवारी दुपारी नासिमा सरकारी टीव्हीवर थेट गाणार. माझी बहीण, जोहराबुबू, जेवेचना. "एकदा तोंड दिसू दे गं पोरीचं," एवढंच. मी कम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं कार्ड आणलं, मास्तरांच्या कम्प्युटरात बसवून घेतलं आणि पत्र्यावर तसाच राहिलेला जुना अँटेना त्याला जोडला.

"शपथ मोडायला लावतेस, मेहुणीबाई?"

"शपथ खोक्यापुरती होती, दुलाभाई. हा तर तुमचा कम्प्युटर!"

ते गुरगुरले, पण शुक्रवारी माऊस कुणाच्या हाती देईनात. कम्प्युटरनं विचारलं, अ‍ॅनालॉग की डिजिटल? मास्तरांनी ऐटीत डिजिटल दाबलं. वाहिन्यांचा शोध संपला. एकही नाही. पुन्हा शोध, पुन्हा काही नाही. बुबू पदर चावत उभी. कार्यक्रम सुरूही झाला असेल!

"अहो, दुकानदारानं बजावलं होतं ना!" मी ओरडलेच. "आपल्याकडे टीव्हीच्या मनोऱ्यावरून अजून जुन्याच लहरी येतात. आभाळात जे नाहीच, ते कार्ड कुठून पकडणार? अ‍ॅनालॉग दाबा!"

दाबलं. नुसत्या मुंग्या आणि खरखर. पण मुंग्यांमागे कुणीतरी हललं. डिजिटलचं असं नसतं, लहरी कमी पडल्या की पडदा काळा. हे जुनं बिचारं येईल तेवढं दाखवतं.

"अँटेना फिरलाय," म्हणत मास्तर स्वतःच पत्र्यावर चढले.

"आलं का?"

"नाही! तळ्याकडे फिरवा! अजून... आलं! आलं!"

नासिमाच होती. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. तेवढ्यात वर मास्तरांनी अँटेनाचा बांबू सोडला, वाऱ्यानं अँटेना फिरला आणि पोरगी मुंग्यांत बुडाली. बुबू किंचाळली, "सोडू नका हो, तुम्हाला माझी आण आहे!"

त्यांनी पुन्हा धरला. भर उन्हात, तापल्या पत्र्यावर, गाणं संपेपर्यंत धरून उभे राहिले. बुबू काचेवर हात ठेवून रडत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू!

मास्तर खाली उतरले तेव्हा तळवे सोलले होते.

"बारीक झालीय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

बुबूनं डोळे पुसले. "मला काय विचारता? कार्डानं सगळं कम्प्युटरात भरून ठेवलंय. स्वतःच बघा."

मास्तरांनी उंबऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"हा काही टीव्ही नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.