पडद्याआडचा फासा

सुमेध खेळवायला बसला की त्याचा आवाज बदलायचा. एरवी तो आवाज नाकातून यायचा आणि येताना कुणाची तरी तक्रार घेऊन यायचा. कधी नालासोपाऱ्याच्या सोसायटीतला पाणी सोडणारा वॉचमन, कधी फोर्टच्या ऑफिसातला साहेब, आणि कुणीच सापडलं नाही तर घरी सख्खी आई होतीच. आपण सोडून जग नालायक आहे, हे त्याचं मत तो न विचारता ऐकवायचा. असल्या माणसाकडे दर रविवारी कुणी डोळे लावून बसेल हे सांगूनही पटलं नसतं. पण बसत होते, आणि ते त्या खेळामुळे.

खेळ आणला पीटरच्या मामाने. मामा बोटीवर नोकरीला. कुठल्याशा बंदरातून त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा आणला, भाच्याला दिला आणि पुन्हा बोटीवर गेला. नंदाखाल गावातल्या पीटरच्या घरात ते पुस्तक टीव्हीखाली धूळ खात पडलं. पीटरचा कॉलेजातला दोस्त सुमेध, त्याने ते उचललं आणि जवळपास पाठ केलं.

खेळ असा. एकेकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी वैदू. एकाने मात्र सोंग घ्यायचं नाही. तो खेळवणारा, म्हणजे मास्टर. पुढे जंगल आहे की नदी, दाराआड कोण दबा धरून बसलंय, हे तो सांगणार. सोंगांनी काय करायचं ते खेळणारे ठरवणार, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. खेळणाऱ्यांनी फासा उघड्यावर टाकायचा. मास्टरने टाकायचा पडद्याआड, कारण सगळंच दिसलं तर भीती कसली वाटणार? त्याने सांगितलेला आकडा खरा मानायचा. कुणी पडद्यामागे डोकावायचं नाही, हा शिरस्ता.

सुमेधचा पडदा साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांचा होता, चिकटपट्टीने जोडलेला. त्यामागे स्टीलची ताटली. ताटलीत फासा खणखणला की तो चष्मा वर करून वाकायचा, निरखून बघायचा आणि मगच बोलायचा. त्या वाकण्याला पीटर आणि खेळातला तिसरा दोस्त तेजस टरकून असायचे. तेजसचे दोन तलवारबाज त्याने असे मारले. तेजस हळहळला की म्हणायचा, "पडलं ते पडलं. रडायचं तर घरी जा."

घरी जा म्हणे! बसलेले असायचे ते तेजसच्याच घरी, आगाशीच्या वाडीत. तिथे पिढीजात सुकेळीचं काम. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि वाळली की केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधायची. ज्या पडवीत ही बांधाबांध चाले तिथेच खेळ रंगायचा. सुमेध यजमानांची सुकेळी खायचा आणि यजमानांनाच दटावायचा. पण खरं ते सांगायला हवं, तो खेळवायचा झकास. त्याने एक पडका किल्ला उभा केला तेव्हा पीटरला पडवीतही ओल जाणवली होती. आठवडाभर ज्याचं कुणी ऐकत नव्हतं, त्याच्या एका शब्दावर तिथे दारं उघडत होती. सुमेधकडे त्याखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पूर्वी ही तेजसची धाकटी बहीण. कोपऱ्यात सुकेळी बांधता बांधता तिने सगळा खेळ ऐकला होता. एका रविवारी हात पुसून ती चटईवर येऊन बसली.

"मीपण खेळते."

"ही भातुकली नाही," सुमेध म्हणाला.

"पडवी तिचीपण आहे," तेजस म्हणाला. सुमेधचा नाइलाज झाला. पूर्वीने वैदूचं सोंग घेतलं.

त्या सुमारास सुमेधने एक लढाई रचली होती. नदीवर पूल, पुलावर दरोडेखोरांची टोळी, टोळीचा म्होरक्या एका डोळ्याने आंधळा. ऑफिसात साहेबाची बोलणी खाताना तो मनातल्या मनात ही लढाई घोळवायचा. तेजसने तलवार उपसली, तेवढ्यात पूर्वी म्हणाली, "थांब. मी पेजेचं मडकं घेऊन पुढे जाते. म्होरक्याला म्हणते, डोळा दुखत असेल, बघू दे."

"तो तुला कापून काढेल."

"फासा टाकू?"

तिने उघड्यावर टाकला. वीस. पुस्तकाच्या नियमाने म्होरक्याला नरमावंच लागलं. त्याने पेज प्यायली, डोळ्यावर पाला बांधून घेतला आणि पूल मोकळा केला. पीटर पोट धरून हसला. "मास्टर, तुझा दरोडेखोर पेजेवर गेला की रे!"

सुमेधही हसला, पण दात दाखवण्यापुरताच. ते हसू त्याला आठवडाभर डाचलं. पीटरचं एक वेळ समजू शकतं, तो कशालाही हसतो. पण ही पोरगी आपल्या जगात येते आणि आपल्यालाच नियम शिकवते? तिचा काटा काढायचा, हे त्याने त्याच संध्याकाळी परतीच्या एसटीतून उतरायच्या आधीच ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी वाटेत एक विहीर आली. वैदू पाणी प्यायली आणि सुमेध म्हणाला, "पाण्यात विष होतं. दहाच्या वर पडलं तर वाचशील. हे दान मी टाकणार."

पडद्यामागे फासा खणखणला.

"तीन," सुमेध म्हणाला. "मेलीस."

 पडद्यामागून ताटलीतला आवाज सगळ्यांना नीट ऐकू येत होता. फासा अजून फिरत होता.

"सुमेधदादा," पूर्वी म्हणाली, "तो थांबला तरी होता का?"

त्याचा चष्मा नाकावर जसाच्या तसा होता. तो वाकलाच नव्हता. तेजसने हात लांबवून पडदा बाजूला केला. ताटलीत सतरा होते.

"माझे दोन्ही असेच मारलेस?" तेजसने विचारलं.

ते दोघे खरंच फाशाने मेले होते. सुमेधने आईची शपथ घेतली, चिडला, पुस्तक आपटलं. कुणालाच पटलं नाही. आता तो खरं बोलत होता, पण त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

त्याला कुणी येऊ नको म्हणालं नाही. पुढच्या रविवारी तो गेला, तेव्हा मास्टरच्या जागी पूर्वी बसली होती. पुठ्ठ्यांचा पडदा कोपऱ्यात सुकेळीच्या गठ्ठ्यांखाली घातलेला. ताटली चटईच्या मधोमध.

"तुझं सोंग कुठलं?" तिने विचारलं.

त्याने आजवर एकही सोंग घेतलं नव्हतं. "चोर," तो कसाबसा म्हणाला. पीटरला हसू आलं नाही.

त्या दुपारी खेळता खेळता चोर कड्यावरून घसरला. खाली खडक. पूर्वी म्हणाली, "दहाच्या वर पडलं तर फांदी हाती लागेल." सुमेधने तिच्याकडे पाहिलं. तिच्या जागी तो असता तर त्याने काय केलं असतं हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. त्याने फासा टाकला. पण आकडा बघायला वाकला नाही, तिच्या तोंडाकडेच बघत राहिला.

पूर्वी फासा थांबेपर्यंत थांबली. मग वाकली, निरखून बघितलं.

"अठरा. वाचलास."

"खोटं बोलतेस," सुमेध म्हणाला.

फासा चौघांच्या मध्ये उघड्या ताटलीत होता, आणि त्याच्यावर अठरा होते.