जहाजावरचं जेवण आणि अप्पांचा रुमाल

परतूरच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा अप्पांच्या डोक्यावर रुमाल होता. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी हकिगत त्या रुमालाचीच आहे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. आमच्या मराठवाड्यात फेट्याला रुमाल म्हणतात. पांढराशुभ्र, मऊ कापडाचा, चांगला पंधरा हात लांब.

अप्पा म्हणजे माझे वडील, राहणार धावडा, तालुका भोकरदन. पंचाहत्तरी उलटली तरी रोज शेतात फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्यांच्या शेजारच्या बाकावर माझी माय बसली होती, मांडीवर धपाट्यांचा (ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ घालून थापलेल्या पोळ्यांचा) डबा घेऊन. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मी दोघांना समुद्रावर घेऊन निघाले होते. मुंबईहून निघायचं आणि चार दिवस फिरून परत मुंबईलाच उतरायचं, असं ते मोठं जहाज होतं.

आमचे हे फक्त पोचवायला आले होते. "मी पुन्हा त्या जहाजावर पाय ठेवणार नाही," असं त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं आणि ते शब्दाचे पक्के आहेत. तेव्हा आम्ही दोघं याच कंपनीच्या जहाजावर गेलो होतो. एका संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये खास जेवण होतं. हे अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात चपला घालून निघाले. दारावरच्या माणसानं हसतमुखानं, पण सगळ्या रांगेदेखत, यांना परत पाठवलं. कोट नाही, बूट नाहीत, म्हणून आत प्रवेश नाही. त्या दिवशी यांनी खोलीत बसून बिस्किटं खाल्ली आणि मी मायला फोन लावून ढसाढसा रडले.

त्या वेळी खोलीत कपड्यांच्या नियमांचा एक छापील कागद ठेवलेला होता, तो आम्ही आधी वाचलाच नव्हता. तो मी घरी आणला आणि पुठ्ठ्यावर चिकटवून जपून ठेवला. मी शाळेत शिकवते, तेवीस वर्षं झाली. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवणं हा आमच्या जातीचा रोगच आहे म्हणा ना. कोट, पूर्ण पॅन्ट, बंद बूट, डोक्यावर टोपी नको, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. या खेपेला तिकीट काढल्यावर त्यांनी फोनवर काहीतरी लांबलचक पाठवलं होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही. माझ्याकडे कागद होता.

परतूरच्या टेलरकडे अप्पांना उभं केलं तेव्हा ते खुरांना पत्री मारायला आणलेल्या बैलासारखे गप्प उभे राहिले. काळा कोट, काळी पॅन्ट. बूट घेताना दुकानदारानं विचारलं, "काका, लग्न हाये का कुणाचं?" अप्पा म्हणाले, "माझंच हाये. पन्नास वर्षं झाले, आता बराबर कपडे शिवून राह्यलो." दुकानात हशा पिकला. मीही हसले. धोतर दिवसभर खुशाल नेसा, फक्त त्या एका जेवणाला कोट आणि बोडकं डोकं, असा माझा हुकूम होता. बोडक्या डोक्याचं ऐकल्यावर अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मुंबईच्या बंदरावर पहिला धक्का मायला बसला. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई होती. तपासणीच्या बाईनं धपाट्यांचा डबा बाजूला काढला तेव्हा माय तिला म्हणाली, "अगं, तूच खाय मंग. टाकू नको बिलकुल." शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मात्र तिच्या कमरेच्या पिशवीत राहिली. ती कशी राहिली हे मी विचारलं नाही.

जहाज जवळून पाहिलं आणि अप्पा थबकलेच. अकरा मजले! आत लिफ्ट, दुकानं, पोहायचा तलाव. "पाण्यावर चाललोय अन् आत आणखी पाणी कशाला?" असं त्यांनी विचारलं. शहागडच्या पुलावरून त्यांनी एकदा गोदावरीचा पूर पाहिला होता. तेच त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाणी. जहाज बंदरातून बाहेर पडलं आणि चारी बाजूंना किनारा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी कठडा घट्ट धरला. मग म्हणाले, "शीला, याला दुसरा काठच न्हाई गं." वाऱ्यानं त्यांचा रुमाल फडफडत होता. एका हातानं कठडा आणि एका हातानं रुमाल, असे ते दिवसभर हिंडले.

पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर जेवलो. तिथं पूर्वीही कपड्यांचा नियम नव्हता. लोक ताटभर घेऊन अर्धं टाकत होते. ते पाहून मायनं कपाळाला हात लावला आणि आमच्या टेबलावरचं एक शीतही वाया जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी खालच्या मोठ्या हॉलमध्ये खास जेवण. मी आमच्या तिघांचं टेबल राखून ठेवलं होतं. मायला पैठणी नेसवली, मी माझी ठेवणीतली साडी नेसले. अप्पा कोट चढवून न्हाणीघरातून बाहेर आले आणि माझ्या काळजात चर्र झालं. त्यांच्या कपाळावर आडवी रेघ होती. रेघेच्या खाली उन्हानं रापलेला काळा चेहरा आणि वर गोरंपान, उघडं, केस विरळ झालेलं डोकं. घरात रात्री निजताना वगैरे मी ते पाहिलं असेल. पण असं, चारचौघांत जायला निघालेलं, शेहेचाळीस वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं. एखादा अनोळखी म्हातारा आमच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं. माय त्यांच्याकडे पाहीना. लिफ्टमध्ये ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"चला लवकर," मी म्हणाले. "वेळ झाली."

हॉलच्या दाराशी पोचलो आणि मी जागच्या जागी खिळले.

आत निम्मे लोक अर्ध्या चड्डीत होते. खरं सांगते, अर्ध्या चड्डीत! कुणाच्या पायात रबरी चपला. एका बाईंनी तर झोपायचा पायजमा घातला होता, त्यावर ससे होते. आमच्या शेजारच्या टेबलावर एक धिप्पाड गृहस्थ गुडघे उघडे टाकून बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर, चक्क डोक्यावर, क्रिकेटवाल्यांची असते तशी टोपी होती. टोपी! मी एकदा त्या टोपीकडे पाहिलं आणि एकदा अप्पांच्या डोक्याकडे. तीनशे माणसांत कोट घातलेला माणूस एकच होता, आमचे अप्पा. लोक त्यांना वाढपी समजले. एका मुलीनं त्यांच्याकडे पाणीसुद्धा मागितलं.

हॉलचे प्रमुख मालवणकडचे होते, पन्नाशीचे, मराठी बोलणारे. मी त्यांना गाठलं. पर्समधून पुठ्ठा काढला आणि त्यांच्यासमोर धरला. वर्गात उत्तरपत्रिका धरते तसा.

"हे काय आहे?" माझा आवाज चढला होता. "नियम आहे की नाही?"

त्यांनी पुठ्ठा निरखून पाहिला. "बाई, हा फार जुना कागद आहे. ते सगळं आता शिथिल केलं. लोक म्हणायला लागले, सुट्टीवर आलोय, कोट कोण बाळगणार? आता ज्याला जसं आवडेल तसं. तुम्हाला फोनवर पाठवलं असेल."

नवीन परिपत्रक आलं की जुनं रद्द, हे मी तेवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले.

"आणि टोपी? डोक्यावर काही नको असं होतं ना?"

"होतं की. पण फेटा, पगडी, धोतर असला आपापला पारंपरिक पोशाख तेव्हाही चालायचा. याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असायचं." त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागं नुसता पुठ्ठा होता. मागची बाजू मीच खळ लावून चिकटवून टाकली होती.

मी टेबलावर येऊन बसले. समोर सूप आलं होतं आणि माय त्याला हात लावत नव्हती.

"जेव ना गं," मी म्हणाले.

"कशी जेवू?" ती पहिल्यांदा बोलली, अगदी हळू. "तुझा आजा गेला त्या दिशी हे असे बोडके बसल्ते. त्याच्यानंतर आज. मी जित्ती हाये, समदं घर बरं हाये, अन् हे असे बसून राह्यले. घास उतरत न्हाई मला."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आमच्याकडे बाप गेला की मुलगा रुमाल उतरवतो. तेराव्याला सोयरे, म्हणजे लग्नसंबंधातले पाहुणे, येतात आणि नवा रुमाल त्याच्या डोक्याला बांधतात. त्याला दुखवटा म्हणतात. त्यानंतर सुतक संपलं, माणूस पुन्हा चारचौघांत आला. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि मी एका पुठ्ठ्यासाठी माझ्या बापाला त्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी सुतकात बसवलं होतं.

"अप्पा, तुम्ही मला 'नको' का नाही म्हणालात?"

अप्पा चमच्याशी चाळा करत होते. "मागल्या टायमाला जावयाला दारातून परत लावलं, तवा तू फोनवर रडल्ती. म्या म्हणलं, रुमालाचं काय एवढं. पोरगी दुसऱ्यांदा नको रडायला."

मग मी रडलेच. तीनशे माणसांत, ठेवणीतल्या साडीत.

जरा सावरल्यावर म्हणाले, "चला अप्पा, खोलीत जाऊन रुमाल बांधून या."

"खोलीत कशाला?" म्हणत मायनं कमरेच्या पिशवीतून रुमाल बाहेर काढला. नीट घडी घातलेला. चटणीच्या पुडीशेजारी ठेवला होता, त्यामुळे लसणाचा वास येत होता.

अप्पांनी हात पुढे केला नाही. "असा चारचौघांत उतरलेला रुमाल आपल्या हातानं चढवत न्हाईत. सोयऱ्यानं बांधावा लागतो."

"इथं समुद्रात सोयरा कुठून आणू मी?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या. "समोर उभी हाये की. परतूरला दिली तवापासून तू सोयऱ्याकडलीच. बांध जल्दी, सूप गार होऊन राह्यलं."

मला रुमाल बांधता येत नाही. आमच्या घरात बायकांनी कधी बांधलाच नाही. शिवाय पंधरा हात कापड, दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. मी टोक हातात घेऊन वेड्यासारखी इकडेतिकडे पाहत होते, तेवढ्यात ते शेजारचे चड्डीवाले गृहस्थ उठून आले. ज्यांच्या टोपीला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, तेच.

"ताई, धरू का? माझ्या आजोबांचा धरायचो मी," ते म्हणाले. नाशिकचे होते. कापड ताणत ताणत ते मागं सरकले, पार सशांच्या पायजम्यापर्यंत. अप्पा बसल्या जागेवरून सांगत होते, "डावीकडून घे. दाब. आता पीळ दे. अगं, कणीक न्हाई ती." मी गुंडाळत गेले. एक कान झाकला गेला, दुसरा उघडा राहिला. शेवटचं टोक कुठं खोचायचं ते कळेना, तर मी ते मागं लोंबतंच सोडलं.

रुमाल साफ वाकडा झाला होता. पण कपाळावरची ती रेघ झाकली गेली आणि अप्पा पुन्हा अप्पा दिसायला लागले. मायनं पदर नीट केला, चमचा उचलला, सूप चाखलं आणि म्हणाली, "अळणी हाये." मग चटणीची पुडी सोडली. नाशिककरांनाही दिली.

उरलेले दोन दिवस अप्पांनी तो रुमाल सोडून पुन्हा बांधला नाही. निजताना अलगद उतरवून ठेवायचे, सकाळी तसाच चढवायचे. मी दहादा म्हणाले, "आता तुमच्या हातानं नीट बांधा." ते नुसतं "बरं" म्हणायचे. या "बरं"चा अर्थ मला कळत होता, म्हणून अकराव्यांदा म्हणायला गेले नाही.

परतीच्या गाडीत मी पुठ्ठा फाडायचा प्रयत्न केला. इतका घट्ट चिकटवला होता की फाटेना. नऊ वर्षांपूर्वी त्या दारात माझ्या नवऱ्याला अडवणारा एक माणूस उभा होता. आता तिथं कुणीच उभं नव्हतं. काळ बदलला, जहाजवाल्यांनी दार सताड उघडलं, आणि मी मात्र घरून तो दरवान सोबत घेऊन गेले आणि माझ्याच बापाला अडवलं. जहाजावर मी अकरा मजले पाहिले, किनारा नसलेला समुद्र पाहिला, जेवायला बसलेले ससे पाहिले. पण या सगळ्याहून माझा मलाच जास्त धक्का बसला आहे आणि तो अजून ओसरलेला नाही.

परतूरला आमचे हे घ्यायला आले होते. पिशव्या उतरवून घेता घेता त्यांचं लक्ष अप्पांच्या डोक्याकडे गेलं. एक कान आत, एक बाहेर, मागं हातभर टोक लोंबतंय. त्यांना हसू आवरेना.

"अप्पा, काय हे! रुमाल कुणी बांधला असा?"

अप्पांनी कोटाची पिशवी त्यांच्या हातात दिली. धोतराचा सोगा सावरला आणि मान ताठ करून म्हणाले, "तुमच्याच घरच्यांनी बांधला, जावाई. सोयऱ्यांनी."