सातव्या पानावरची ओळ

मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत मी गणित शिकवत होते. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास शाळेला तीन जुने संगणक मिळाले आणि मला त्यातलं थोडंफार येतं म्हणून ती खोली माझ्याकडे आली. व्हायरसमुळे मशीन सारखी अडायची. जव्हारच्या एका ओळखीच्यानं विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली. सोबत नाशिकच्या सायबर कॅफेतून छापून आणलेली इंग्रजी सूचनांची अकरा पानं होती.

त्यातल्या एका मशीनवर आमचे मराठीचे सर रोज मधल्या सुट्टीत बसत. ते पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचे. घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी. घरच्या बोलीतले शब्द आईला विचारायचे आणि दोन बोटांनी टाइप करायचे, असं त्यांनी दोन वर्षं चालवलं होतं. भाताच्या जाती, नागलीच्या कामांची नावं, रानभाज्या, आजारांवरचे पाले. फ्लॉपीवरही ठेवलं होतं, पण दमट हवेनं फ्लॉप्या खराब झाल्या. आई आदल्या उन्हाळ्यात वारली होती.

ते प्रशिक्षणाला गेले होते, त्या शनिवारी मी त्याच मशीनमध्ये सीडी घातली. त्यांची फाइल तिथे आहे हे मला माहीत होतं. ती जागच्या जागी राहील असं मी धरून चालले. सहाव्या पानावर लिहिलं होतं, पहिला पर्याय निवडा आणि पुढे जा. मी तसं केलं आणि पान उलटलं. सातव्या पानावर सुरुवातीलाच ओळ होती, की या पर्यायानं डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

मी बटण बंद केलं. रविवारी मशीनचा डबा एसटीत मांडीवर घेऊन जव्हारला गेले. त्या ओळखीच्यानं दुपारभर खटपट केली आणि नाही म्हणून मान हलवली.

सोमवारी सर आले तेव्हा मी सांगितलं, "सर, तुमची फाइल गेली. माझ्या हातून गेली."

त्यांनी विचारलं, "परत नाही येणार?"

"नाही."

"कागद बघूनच केलंत ना, मॅडम?"

मी पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी सहावं आणि सातवं सावकाश वाचलं. "ही ओळ आधी पाहिजे होती," ते म्हणाले. पानं परत देताना म्हणाले, "पण तुम्हीही सगळं आधी वाचायला हवं होतं." घंटा झाली तसे ते वर्गावर गेले. भिंतीपलीकडून त्यांचा कविता शिकवण्याचा आवाज येत होता. माझ्या वर्गात त्या तासाला मी फळ्यावर काही लिहू शकले नाही.

नंतर तीन आठवडे ते संगणकाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. वांगणीकडच्या एका शिक्षकानं सीडी आणि कागद मागितल्याचं कळलं, तेव्हा ते आपणहून आले. "ती पानं त्यांना देऊ नका. मराठीत नवी लिहा. मी बसतो तुमच्याबरोबर."

मी लिहायचे आणि ते अक्षरशः तेवढंच करायचे. 'मशीन बंद करून पुन्हा चालू करा' असं लिहिलं, तर त्यांनी पडद्याचं बटण दाबलं.

"ते नाही, सर. खालच्या डब्याचं."

"मग तसं लिहा की."

'योग्य तो पर्याय निवडा' या ओळीवर ते थांबलेच. "योग्य कोणता ते मला कळत असतं, तर कागद कशाला लागला असता?"

मला राग यायचा. तरी तीनदा सगळं नव्यानं लिहिलं. पहिल्या पानावर फक्त इशारा ठेवला: या कामानं मशीनवरचं आधीचं सगळं कायमचं पुसलं जाईल, तुमचं काय काय आहे ते आधी दुसरीकडे ठेवा. सरांनी पेन घेऊन 'तुमचं' या शब्दापुढे 'आणि दुसऱ्यांचं' असं घातलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शब्दांचं काम त्यांनी मावशीला विचारून पुन्हा सुरू केलं, आता वहीत. तिला निम्मेच शब्द ठाऊक होते. उरलेले गेले ते गेलेच. मी माफी मागितली होती. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर वांगणीकडचे शिक्षक कागद परत द्यायला आले. मशीन चालू झालं होतं, आणि त्याआधी त्यांनी मुख्याध्यापकांची पत्रं काढून ठेवली होती. ते आभार मानू लागले, तेव्हा सरांनी मध्येच विचारलं, "अडलात कुठं?"

"चौथ्या पानावर. कीबोर्डची भाषा निवडताना."

सरांनी चौथं पान काढून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं.