खुर्चीच्या हातावरची टिचकी

मी ग्रंथालयात जायला निघतच होतो, तेव्हा ताईचा फोन आला. "टिचकी ऐकू आली नाही रे, म्हणून तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आले..." दाजी खुर्चीतच गेले होते.

ताईचे यजमान, आमचे दाजी, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते; लेथ यंत्रावर लोखंडाचे भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', कातायचे. नव्वदचं दशक संपता संपता त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज दहा मिनिटं बसून संथ श्वास घ्यायला सांगितलं. दाजींनी त्यालाही लेथचाच नियम लावला. फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा वेग, जितका हळू, तितकं फिनिशिंग चांगलं. चौथ्या दिवशी श्वास इतका लांबवला की घेरी आली. डॉक्टर म्हणाले, "जोर लावायचा नाही. सोडताना थोडा जास्त वेळ, एवढंच." घरी आल्यावर दाजी मला म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा जॉब रिजेक्ट झाला, राव."

मग त्यांनी पितळेचा एक ओळंबा कातून आणला आणि खिडकीत मीटरभर दोरीला टांगला. दोन झोक्यांत श्वास आत, तीन झोक्यांत बाहेर. पण ताईच्या जिवाला चैन नव्हतं. पिठाच्या हातांनी ती सारखी दारातून डोकवायची.

"इतके गप्प बसता, मला कसं कळायचं आहात का ते?"

"तू डोकावलीस की माझे झोके चुकतात."

शेवटी तोड निघाली. श्वास पुरता सुटला की दाजी खुर्चीच्या लाकडी हातावर एक टिचकी मारायचे. "घे तुझी हजेरी," ते म्हणाले. त्यानंतर ताई डोकवायची थांबली. निवृत्तीनंतरही, रोज सकाळी, तिचं लाटणं त्या टिचक्यांच्या सोबतीनं फिरायचं. नऊ-दहा वर्षं...

परवा गेलो तेव्हा ताई थकलेली दिसली. रक्तदाब वाढलाय म्हणाली. "तू चहा टाक, मी जरा बसते." तिने ओळंब्याला हलकेच झोका दिला आणि दाजींच्या खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघरात गेलो. चहा उकळला, गाळणं हातात घेतलं, पण बाहेर सगळं शांत होतं. मी तसाच उभा राहिलो.

लाकडावर टिचकी वाजली. मग मी चहा गाळला.